जुन्या घराचा साग, तालुक्याची आरा मशीन अन ओसरीत बनवलेलं साइड टेबल : रिव्ह्यू

आधीच सांगून देतो, हा रिव्ह्यू दोन गोष्टींचा मिळून आहे. एक आमच्या तालुक्याच्या गावची आरा मशीन, म्हणजे लाकूड चिरायची मिल, जिच्या समोरच्या गाळ्यात प्लायवूड-हार्डवेअरचं दुकान पण आहे, अन दुसरं म्हणजे तिच्या भरवशावर घरी बनवलेलं बाबांच्या खाटेजवळचं टेबल, ड्रॉवर अन खाली कपाट असलेलं. दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाही. चांगलं लिहलं की लोकं म्हणतात पैसे घेतले असतील, अन पुढे दोन-चार गोष्टी त्यांच्या विरोधात पण आहेत. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी, पांढरकवडा, आर्णी कुठेही जा, बस स्टँडपासून जरा बाहेर असं एक दुकान असतेच, तुम्ही तुमच्याकडचं समजून वाचा.

माझं मत एवढंच आहे की कापायचं काम मशीनवर द्या अन जोडायचं काम घरी करा. लोकं उलटं करतात. घरी हातकरवतीनं प्लाय कापत बसतात, कड वाकडीतिकडी होते, मग ते वाकडं झाकायला लांबी (पुट्टी) भरा, पट्ट्या ठोका, शेवटी वैतागून वाढईला (सुताराला) बोलवा. टेबलाचं नव्वद टक्के काम सरळ कड अन काटकोन यात आहे, अन ते ज्याच्याकडे मोठी मशीन आहे त्याच्याकडून दहा मिनिटात होऊन जाते. स्क्रू अन फेविकॉल तं कोणी पण लावू शकते.

आता टेबल कशाला पाहिजे होतं ते. बाबा ओसरीत झोपतात, अन त्यांच्या उशीजवळ एक प्लास्टिकचं स्टूल होतं ज्यावर औषधाच्या पट्ट्या, चष्मा, मोबाईल, टॉर्च, पाण्याचा तांब्या, मच्छर अगरबत्तीचं ताट, सगळं एकावर एक. गादीखाली एक पन्नी, तिच्यात सातबारा, पासबुक, पीक विम्याच्या पावत्या, बियाण्याची बिलं. दरवर्षी जून महिना लागला की घरात त्या पन्नीवरून भांडण, कारण बियाणं उगवलं नाही तर तक्रार करायला बिल अन पिशवीचा टॅग दोन्ही लागते अन ते बरोबर त्याच दिवशी सापडत नाही. म्हणून टेबल पाहिजे होतं पण स्टोरेजवालं, नुसतं चार पायाचं नाही.

रेडीमेड पाहून आलो होतो. बाजारात जे भेटते ते बहुतेक पार्टिकल बोर्डचं, म्हणजे भुसा दाबून वरून कागद चिटकवलेला. दिसायला एक नंबर. पण आमच्या घरी रोज पोछा लागते, ओसरीत पावसाचं पाणी उडते, अन या बोर्डाला खालून पाणी लागलं की तो फुगते, एकदा फुगला की परत बसत नाही, स्क्रू ढिले होतात अन बिजागरी हातात येते. शहरात तिसऱ्या माळ्यावर चालत असेल, गावच्या घरात तो माल घेऊ नका असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

दुकानावर गेलो तं शेठनं आधी साग दाखवला. शेठ मूळचे कच्छी पण बोलते अस्सल वऱ्हाडी, आपल्यापेक्षा जास्त. म्हणे, "भाऊ, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचा साग अयोध्येले गेला राममंदिराच्या दरवाजाले, तू काय पाहून राहिला!" बरोबर आहे, 2023 च्या मार्चमध्ये बल्लारशाहून ते लाकूड वाजतगाजत निघालं होतं, सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पण मी विचारलं हा समोर लावलेला कुठचा, तं जरा थांबून म्हणे घानाचा. आता हे मला माहीत होतं म्हणून विचारलं. आपण सागाच्या जंगलात राहतो अन आपल्या दुकानात आफ्रिकेचा नाहीतर दक्षिण अमेरिकेचा साग, कांडला बंदरात उतरून ट्रकनं आलेला. बर्मावाल्यांनी 2014 पासून गोल लाकूड बाहेर पाठवणं बंद केलं तेव्हापासून हा माल अजूनच वाढला. लाकूड खोटं नाही, सागच आहे, पण बराचसा कमी वयाच्या झाडाचा असते, म्हणून वर्षाच्या रेघा लांब लांब अन पांढरा भाग जास्त. उदई (वाळवी) त्या पांढऱ्या भागालाच आधी लागते. सागाला उदई लागत नाही हे जे आपण ऐकतो ते आतल्या पिवळ्या-तपकिरी गाभ्यापुरतं खरं आहे, पांढऱ्यापुरतं नाही. तेव्हा फळी घेताना कडेला पांढरी पट्टी किती आहे ते पाहा अन तेवढे पैसे कमी करून मागा. शेठला हे सांगितलं तं त्यानं कमी केले पण असते, ही गोष्ट दुकानाच्या बाजूनं लिहून ठेवतो.

पण मला फळी घ्यायचीच नव्हती. आमचं आजोबांचं धाब्याचं घर पाडलं तेव्हाच्या दोन म्याली (छताच्या जाड आडव्या तुळया) गोठ्यात पडून होत्या, वरून राखाडी-काळ्या, धुरानं माखलेल्या, ढोरं अंग घासून घासून एका बाजूनं चिकण्या झालेल्या. त्या चिरून घ्यायच्या होत्या. आता इथे पहिली गोष्ट, आरा मशीनला वन खात्याचं लायसन लागते, अन आलेल्या-गेलेल्या मालाची नोंद रजिस्टरमध्ये ठेवावी लागते, म्हणून चांगला मशीनवाला पहिले विचारते की माल कुठचा. आमच्या वाल्यानं ग्रामपंचायतचा दाखला मागितला, जुन्या घराचं लाकूड आहे म्हणून. मला तेव्हा कटकट वाटली पण हे बरोबर आहे. जो मशीनवाला काहीच न विचारता साग चिरून देते त्याच्याकडे जाऊच नका, उद्या गाडी अडवली तं तो ओळख देत नाही. अन वावरातलं उभं झाड तोडायचं असेल तर ते वेगळंच प्रकरण आहे, साग 1964 च्या झाडतोडीच्या कायद्यात येते, परवानगी घ्या, मग वाहतूक पास घ्या, त्यात पडू नका टेबलासाठी.

दुसरी गोष्ट खिळे. मशीनवर जो माणूस असते, त्याला सगळे उस्ताद म्हणतात, त्यानं म्यालीवर नुसता हात फिरवला अन म्हणे, "हे अशी नाही लावत मी. खिळे काढून आन, मंग पाहू. माह्या ब्लेडचे दात गेले तं तू भरून देशीन काय?" आता जुन्या घराच्या लाकडात खिळे कुठे कुठे असतात हे ते घर बांधणाऱ्यालाच माहीत. बरेचसे लोहारानं ठोकून बनवलेले, चौकोनी, डोकं झिजून लाकडात बुडालेलं, वरून दिसतच नाही. उस्तादनंच युक्ती सांगितली, फुटक्या स्पीकरचं चुंबक दोऱ्याला बांधून लाकडावरून हळू फिरवायचं, जिथे खिळा आहे तिथे चुंबक आपोआप वळून चिकटते. खडूनं गोल करायचा, पटाशीनं आजूबाजूचं लाकूड थोडं कोरायचं अन जंबुऱ्यानं पकडून सरळ ओढायचं नाही, आधी थोडं फिरवायचं, मग ओढायचं. काही खिळे असे करकरत निघाले की शेजारचे लोकं पाहायला आले काय चालू आहे म्हणून. अन निघालेल्या जागी लाकूड निळसर-काळं झालेलं असते, लोखंडाचा अन सागाचा तो डाग घासून सहजासहजी जात नाही. मी तसाच ठेवला. टेबलाच्या वरच्या फळीवर असे काळे ठिपके आहेत, येणारा प्रत्येक माणूस त्यावर बोट ठेवून विचारते.

चिराई झाली तेव्हा मी तिथेच उभा होतो, अन ही गोष्ट पाहायला पैसे लागले असते तरी दिले असते. बँड सॉ चालू केली, म्याल ट्रॉलीवर ठेवली, पहिला काप गेला अन ती राखाडी साल बाजूला पडली, आतून एकदम सोनेरी पिवळं लाकूड. वास असा आला की पूर्ण शेड भरून गेलं, जरासा तेलकट, चामड्यासारखा, ताज्या सागाचा असते तसाच, इतकी वर्षं धूर अन धूळ खाऊन पण. हवा लागली की रंग हळूहळू गडद होते, घरी आणेपर्यंत तो सोनेरीपणा अर्धा गेला होता, पण तो असा जातोच, घाबरू नका. आमच्या म्याली साधारण नऊ इंचाच्या, त्यातून इंच-सव्वा इंचाच्या फळ्या काढून घेतल्या अन तिथेच रंधा मशीनवर दोन्ही बाजू साफ करून घेतल्या. रंधा मशीनचे वेगळे पैसे लागतात, पण द्या. हातरंध्यानं सागावर काम करायचं म्हणजे दर थोड्या वेळानं पातं घासत बसा, सागात बारीक वाळूसारखा अंश असते त्यानं धार लवकर जाते. जुना साग असेल तर अजूनच.

आता टेबलाचा सांगाडा. पूर्ण सागाचं करायला तेवढं लाकूड नव्हतं, अन खरं सांगायचं तं गरज पण नाही. वरची फळी, ड्रॉवरचं तोंड, कपाटाचा दरवाजा अन पाय सागाचे, बाकी पेटी 18 एमएम प्लायची, बाहेरून 4 एमएमचा टीक प्लाय, म्हणजे वरून सागाचा पातळ थर असलेला प्लाय, चिटकवलेला. प्लाय घेताना या दुकानाची पहिली तक्रार. मी वॉटरप्रूफ मागितला, पोऱ्यानं आणून दिला, म्हणे वॉटरप्रूफच आहे. शीटवरचा शिक्का वाचला तं एमआर. एमआर म्हणजे दमट हवा सहन करणारा, पाणी सहन करणारा नाही. पाण्याचा पाहिजे असेल तर बीडब्ल्यूपी, ज्याला मरीन पण म्हणतात, त्यावर आयएस 710 लिहलेलं असते. एमआरवर आयएस 303. दोघांच्या भावात चांगलाच फरक आहे, तोंडानं काही पण सांगू द्या, शिक्का पाहिल्याशिवाय शीट कापायला देऊ नका, कापल्यावर परत नाही. शेठला दाखवलं तं पोऱ्यावर ओरडला अन बदलून दिला. आता पोऱ्या खरंच चुकला की रोजचीच पद्धत आहे ते देव जाणे. एक गोष्ट मात्र चांगली, पूर्ण 8 बाय 4 ची शीट घ्यावी लागली नाही, अर्धी दिली. अन ड्रॉवरच्या बाजूला 12 एमएमचे कटपीस कोपऱ्यात पडलेले होते, ते जवळपास निम्म्या भावात भेटले. कटपीसचा ढीग नक्की पाहा, त्यात खजिना असते.

मापं लिहून नेली होती अन तुम्ही पण लिहूनच न्या, तोंडी सांगू नका. उंची ठरवायची एकच पद्धत, खाटेवर गादी टाकून माणूस झोपला की गादी जिथवर येते तिथवर टेबल, फार तर एक बोट वर. आमच्याकडे ते 22 इंच आलं. तुमच्याकडे दिवाण असेल तर कमी येईल. रुंदी 18 इंच, खोली 16. अन कापणाऱ्याला सांगून ठेवा की पातं दर कापाला तीनेक एमएम खाते, ते धरून आखणी कर. आमच्या उस्तादला सांगायची गरज पडली नाही, उलट त्यानंच कागद पाहून एक तुकडा आडवा फिरवून आखला की शीटमधून अजून एक कप्पा निघून येईल, अन निघाला. दोन्ही बाजूच्या फळ्या एकावर एक ठेवून पाहिल्या, कड ला कड, नखाला पण फरक लागत नव्हता. कापायच्या कामाला दहापैकी दहा. मशीन जुनी आहे, शेडचा पत्रा गळते, पण माणूस कारागीर आहे.

जोडणीचं फार लांबवत नाही. बारीक बिटनं आधी भोक पाडा, मग दीड इंचाचा स्क्रू, मधे फेविकॉल. भोक न पाडता स्क्रू मारला तर प्लायच्या कडेला थर फुटतात. पेटी उभी केली की गुण्या (काटकोन पाहायची पट्टी) लावा, पण गुण्यापेक्षा खरी परीक्षा म्हणजे आतून कर्ण मोजा, दोन्ही कर्ण सारखे आले की पेटी काटकोनात आहे, नाही आले तर फेविकॉल ओला आहे तोवरच दाबून सरळ करा. मागची 6 एमएमची फळी मारली की मग ती हलत नाही. सागाला सागाशी चिटकवताना मात्र एक लक्षात ठेवा, साग तेलकट असते, चिटकवायच्या आधी कड थिनरच्या फडक्यानं पुसा अन लगेच चिटकवा, नाहीतर काही दिवसानं जोड उघडते.

ड्रॉवरवर मात्र वेळ द्या. बाजारात जो बॉल बेअरिंगचा टेलिस्कोपिक चॅनल, म्हणजे ड्रॉवर सरकायची लोखंडी पट्टी, भेटते त्याला दोन्ही बाजूनं साधारण अर्धा-अर्धा इंच जागा लागते, म्हणजे 13 अन 13 मिळून 26 एमएम. आमचं टेबल, टीक प्लाय चिटकवायच्या आधी, बाहेरून 457 एमएम, दोन्ही बाजूचा प्लाय 36 गेला, आत उरले 421, त्यातून 26 गेले, ड्रॉवर बाहेरून 395. हे गणित कागदावर आधी करा. ड्रॉवर दोन एमएमनं मोठा झाला तर जाणारच नाही, अन चार-पाच एमएमनं लहान झाला तर चॅनल ताणून गोळ्या बाहेर येतात. वाढई लोकं सांगतात की ड्रॉवर नेहमी पेटी उभी झाल्यावर आत मोजून बनवायचा, पेटीच्या कागदावरून नाही, अन ते बरोबर आहे. सॉफ्ट क्लोजवाला चॅनल शेठ खपवून पाहत होता, घेतला नाही. त्याला सुरुवातीला ओढताना जरा जोर लागते, अन बाबांना झोपल्या झोपल्या डाव्या हाताच्या दोन बोटांनी ओढता आला पाहिजे होता. साधाच घेतला, 45 किलो लिहलेला, ड्रॉवरमध्ये तेवढं वजन कधी जाणार नाही पण पोट्टे लटकतात न.

चोरकप्पा हा माझा आवडता भाग. टेबल 16 इंच खोल, चॅनल घेतला 12 इंचाचा, म्हणजे ड्रॉवरच्या मागे साधारण तीन इंच जागा रिकामी राहते. त्यात एक उभी पेटी बसवली, ज्यात कागदपत्रांची गुंडाळी अन थोडेफार पैसे मावतात. ड्रॉवर पूर्ण ओढला तरी ती दिसत नाही. काढायचं असेल तर चॅनलच्या दोन्ही बाजूला काळ्या प्लास्टिकची पट्टी असते, एक वर दाबायची एक खाली, ड्रॉवर पूर्ण बाहेर येते, मग हात घाला. आता इथे लिहून टाकलं म्हणजे तो चोर राहिला नाही, पण पीक विम्याच्या पावत्या कोण चोरून नेते. खालच्या कपाटात तांब्या, गरम पाण्याची पिशवी, अन मायनं लगेच तिथे लोणच्याची बरणी ठेवून पाहिली, तिला सांगितलं बाबांचं आहे, तं म्हणे बाबा कोणाचे आहे.

वरची फळी दोन तुकडे जोडून सोळा इंचाची झाली, अन ती पेटीवर फेविकॉलनं चिटकवायची नाही, हे जाड अक्षरात समजा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर अन हवा अशी कोरडी की ओठ फुटतात, अन ऑगस्टमध्ये मिठाला पाणी सुटते. लाकूड या दोन महिन्यांच्या मधात आडवं फुगते अन आकसते, सोळा इंचाला एक-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सहज. प्लाय तसा हलत नाही. दोघांना घट्ट चिटकवलं तर फळीला मधून चीर पडणार, नाहीतर जोड सुटणार. म्हणून आतून एल पट्ट्या, अन पट्टीचं भोक लांबट, म्हणजे स्क्रू फळीला धरून ठेवते पण आडवं सरकू देते. ड्रॉवरच्या सागाच्या तोंडाला पण चारी बाजूनं थोडी फट सोडली. आलेले पाहुणे म्हणतात फट दिसून राहिली. त्यांना म्हटलं पोळ्याला या, तेव्हा दिसणार नाही.

पाय चार इंचाचे ठेवले, मुद्दाम. पेटी जमिनीवर टेकली की खालून उदई चढते अन कळते तेव्हा कागदपत्र खाऊन झालेले असतात. पायावर ठेवली तर मातीची नळी पायावरून चढताना डोळ्याला दिसते, झाडू पण जाते खालून. पायाखाली रबराचे बुश मारले, वीस-तीस रुपयाचं काम आहे.

पॉलिशवर दुकानात बराच वाद झाला. शेठ म्हणे लाखेचं पॉलिश कर, चपडा लाख अन स्पिरिट, आपल्याकडच्या पळसाची लाख आहे, जुनं फर्निचर सगळं त्याचंच. चमक त्याच्यासारखी दुसऱ्या कशाला नाही, मान्य. पण त्यावर गरम चहाचा कप ठेवला की पांढरा गोल उमटते, अन आमच्याकडे त्या टेबलावर दिवसाला चार कप. म्हणून वरच्या फळीला पीयू (पॉलीयुरेथेनचं पॉलिश) मारलं, अन बाकी सागाला जवसाचं तेल. आता जवस आपल्याकडे पिकते, चटणीत खाते, म्हणून घाणीचंच तेल लावून देऊ असं मनात येते, पण कच्चं तेल वाळायला लय दिवस लागतात अन पावसाळ्यात तर चिकटच राहते. पेंटच्या दुकानात डबल बॉइल्ड म्हणून भेटते, वाळायचं औषध मिसळलेलं असते त्यात, तेच घ्या. पहिल्या हाताला टर्पेंटाइन मिसळून पातळ करा, लावा, पंधरा-वीस मिनिटात जास्तीचं पुसून घ्या, दुसऱ्या दिवशी परत. सागाच्या रेघा अशा उठून येतात की काय सांगू राजेहो.

अन हे नक्की वाचा, जवसाच्या तेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. ते तेल वाळताना गरम होते, अन फडक्याचा बोळा असेल तर आतली गर्मी बाहेर निघत नाही अन आपोआप पेट घेऊ शकते, माचिस लागत नाही. आपला उन्हाळा, वरून आजूबाजूला लाकडाचा भुसा, कुटाराचं (ढोरांच्या वाळल्या चाऱ्याचं) ढोलं जवळच. वापरलेलं फडकं अंगणात दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. डब्यावर बारीक अक्षरात लिहलेलं असते, दुकानदारानं तोंडानं सांगायला पाहिजे होतं, नाही सांगितलं. हा या दुकानाचा सगळ्यात मोठा दोष मी धरतो, कच्च्या बिलापेक्षा पण मोठा.

हो, कच्चं बिल देते. चिठ्ठीवर आकडे लिहून देते, पक्कं बिल मागितलं तं आधी हसते, मग देते. मागा. प्लाय पुढे सुटला तर कंपनीची गॅरंटी पक्क्या बिलावरच असते. अन वेळेचा काही भरवसा नाही. "उद्या ये" म्हटलं म्हणजे परवा समजा, लाइन गेली तर त्याच्याही पुढे, चिराईची मशीन थ्री फेजवर चालते अन दुपारची लाइन केव्हा जाईल सांगता येत नाही. फोन करून निघा.

खर्चाचं म्हणाल तर लाकूड घरचं होतं, ते सोडून प्लाय, टीक प्लाय, चिराई-रंधा, चॅनल, बिजागऱ्या, मुठी, स्क्रू, पीयू-तेल सगळं मिळून चार हजाराच्या आसपास गेलं. तेवढ्यातच बाजारात ते भुश्याचं येते. साग विकत घ्यावा लागला तर हा आकडा दुप्पट धरा, मग तर पूर्ण प्लायचंच करून फक्त वरची फळी सागाची घ्या, माझ्या मते तेच शहाणपणाचं. ड्रिल मशीन मी मागून आणली होती, विकत घेत असाल तर एका टेबलासाठी परवडत नाही, मग दोन-चार वस्तू बनवायचा विचार ठेवा.

मार्क विचारले तर चिराई अन कटिंगला पाचपैकी पाच, मालाच्या विविधतेला चार, खरं सांगण्याला अडीच, वेळेला दोन. भाव बाजारापेक्षा थोडे कमीच, घासाघीस चालते. पोऱ्यापेक्षा शेठशी बोला अन शेठपेक्षा उस्तादशी, कोणतं लाकूड कशाला ठीक ते त्यालाच कळते, अन तो चहा पाजला की बोलते. आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ नका, वखराचे दांडे अन खाटेच्या ईस घेणाऱ्यांची गर्दी असते, कोणी विचारत नाही. माल न्यायला ऑटो त्यांच्याच दारात उभे असतात, पण भाडं निघण्याआधी ठरवून घ्या, अन चिरलेल्या फळ्या असतील तर दुकानाची पावती अन दाखला सोबतच ठेवा.